नानांची तबकडी

वर्षभर या सदरात मी शब्दांच्या कुळकथा सांगतो, शुद्धलेखनाच्या कागाळ्या ऐकून घेतो आणि वाचकांच्या पत्रांना जमेल तशी उत्तरे देतो. दिवाळी अंकात संपादक चार पाने अधिक देतात. ती पाने यंदा मी कॉम्प्युटरला देणार आहे. हा बेत ऐकताच आमच्या सौभाग्यवती भाजणीचे धान्य निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही? कॉम्प्युटरवर?” प्रश्न रास्त होता. प्रिंटर अडला की कन्येला हाक मारणारा मी माणूस. पण या वर्षी आमच्या घरात असा एक प्रसंग घडला की या विषयाची अक्षरओळख मला चाळिशी उलटल्यावर करून घ्यावी लागली. तो प्रसंग आधी सांगतो. त्यातून मिळालेल्या उपयोगाच्या गोष्टी ओघाने येतील.

आमचे वडील, नाना, नेवासे तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९९६ साली ते निवृत्त झाले आणि आम्ही सारे नगरला राहावयास आलो. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण बोलताना आमच्या तोंडी अजून ‘नगर’च बसलेले आहे, वाचकांनी तेवढी सवलत द्यावी. निवृत्तीनंतर नाना रोज सकाळी देवपूजा आटोपली की दोनशे पानी वही घेऊन बसत आणि आपल्या आठवणी लिहीत. आई चहा घेऊन आली की वही मिटून ठेवीत. “काय लिहिता एवढं?” असे तिने विचारले की उत्तर ठरलेले असे : “छापून आल्यावर वाच. पहिली प्रत तुझ्याच हाती देईन.”

दोन वर्षांत सात वह्या भरल्या. २००० साली नानांनी त्या गावातल्या एका टंकलेखनाच्या दुकानी देऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दुकानदाराने एक चकचकीत तबकडी हातात ठेवली. नानांनी तिच्या पाकिटावर आपल्या वळणदार अक्षरात ‘आठवणी’ असे लिहिले आणि ती कपाटात ठेवून दिली. मग ताईचे लग्न निघाले, माझे शिक्षण निघाले, छपाईचा खर्च पुढे ढकलला गेला. २००८ साली नाना गेले. पुस्तक राहिले ते राहिलेच.

आता माझ्या अपराधाची गोष्ट. २००१ च्या दिवाळीत घराची साफसफाई चालली होती. मी एकवीस वर्षांचा, नुकताच एम. ए.ला गेलेला आणि नव्या युगावर पूर्ण विश्वास असलेला. त्या सात वह्या हातात घेऊन मी म्हणालो, “नाना, आता सगळे तबकडीवर आहे. या वह्यांना वाळवीच लागायची.” नानांनी क्षणभर वह्यांकडे पाहिले आणि मान हलविली. रद्दीवाल्याने त्यांचे किती पैसे दिले ते मला आठवत नाही. आठवत नाही तेच बरे.

यंदा आईचे सहस्रचंद्रदर्शन करावयाचे ठरले. काय हवे म्हणून आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “मला पैठणी नको अन् काही नको. नानांनी काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचून दाखवा. माझं नाव कुठं आलंय का, तेवढं बघा.”

मी तबकडी काढली. पहिली अडचण अशी की ती घालावयाची कुठे? हल्लीच्या लॅपटॉपांना तबकडीची खाचच नसते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बाहेरून जोडावयाचे यंत्र उसने आणले. तबकडी फिरली, फाइल दिसली, मी अधीरतेने ती उघडली आणि पडद्यावर जे आले ते पाहून माझे हातपाय गळाले. रोमन अक्षरे, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या पायात काटा, मध्येच पौंडाची खूण, मध्येच उलटे प्रश्नचिन्ह. एकशे बारा पाने, आणि त्यांत एक शब्द मराठी नाही!

दुकान शोधीत गेलो. तिथे आता मोबाइलची आवरणे विकतात. ज्या टंकात म्हणजे फाँटमध्ये नानांचा मजकूर बसविला होता तो विकतचा होता, आणि कॉम्प्युटरच्या पाठीला एक इवलेसे कुलूप लावल्याखेरीज चालत नसे. ते कुलूप दुकानदाराबरोबर कुठे गेले कोणास ठाऊक. आई रोज संध्याकाळी विचारी, “लागलं का रे?” आणि मी म्हणे, “लागेल, आई.” वह्या रद्दीत गेल्याचे तिला ठाऊक होते. तिने एकदाही तो विषय काढला नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागले.

हे असे होते कसे? आमच्या कन्येने मला समजाविले ते मी तुम्हांस माझ्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. अमुक आकडा आला की अमुक चित्र काढ, असे त्याला सांगून ठेवलेले असते. रोमन अक्षरांचे आकडे फार पूर्वीच ठरून गेले होते. मराठी कॉम्प्युटरवर आली तेव्हा टंक करणाऱ्यांनी त्याच आकड्यांवर आपले काने, मात्रा, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसविली. भारत सरकारने १९९१ साली ‘इस्की’ नावाचे एक प्रमाण ठरविले होते. पण बाजारातल्या टंकांनी आपापली वाट धरली. एकाच्या घरी ज्या आकड्याला ‘क’ म्हणत, त्यालाच दुसऱ्याच्या घरी ‘ळ’ म्हणत. तो टंक जवळ आहे तोवर मराठी. टंक गेला की खालची रोमन खिचडी उघडी पडते. नानांनी लिहिले होते मराठीत, पण तबकडीवर मराठी कधी उतरलीच नव्हती. तिथे नुसती मराठीची चित्रे होती.

या गोंधळावरचा उपाय म्हणजे ‘युनिकोड’. १९९१ सालीच त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यावयाचा, ही त्यातली कल्पना. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६. हा ‘क’ नगरच्या कॉम्प्युटरवर तोच, न्यू जर्सीतल्या भाच्याच्या फोनवर तोच. टंक बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. आपल्या ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ साली मिळाली, म्हणजे हे काम अजूनही चालू आहे.

मला या वेळी आमच्या नेवाशाची फार आठवण झाली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. हाताने नकला होत होत पुढल्या तीनशे वर्षांत तिच्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. तरीही ताडण्यासाठी प्रती होत्या, आणि त्या कोणालाही वाचता येत होत्या. आमच्या नगरात १८४२ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्या काळचा छापील कागद आज हाती आला तर तो वाचावयास नुसते डोळे पुरतात. आणि २००० सालची तबकडी पंचवीस वर्षांत मुकी झाली!

नानांच्या फाइलची वाचा शेवटी उघडली ती एका मुक्त प्रणालीने. प्रणालीचे नाव लिबरऑफिस. लिहिणे, हिशेब मांडणे, तक्ते काढणे, सारे तीत होते, आणि पैसा पडत नाही. तिने जुन्या पद्धतीची फाइल विनातक्रार उघडली आणि मूळ टंकाचे नाव सांगितले. टंकाचे नाव कळल्यावर कन्येने एक परिवर्तक शोधून काढला. जुन्या टंकातले आकडे घेऊन त्यांच्या जागी युनिकोडचे क्रमांक घालणारे हे छोटे साधन कोणा अनामिकाने लिहून सर्वांसाठी मोकळे ठेवले होते. तिने एक परिच्छेद त्यात घातला, कळ दाबली, आणि पडद्यावर उमटले, ‘माझा जन्म’. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. कन्येने शहाणपणाने पडद्याकडेच पाहत राहणे पसंत केले.

येथे एका शब्दाविषयी बोलल्यावाचून मराठीच्या मास्तराला राहवत नाही. इंग्रजीत अशा प्रणालींना जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, आणि तिकडच्या लोकांना तो घोळ सारखा निस्तरावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत : फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली या चळवळीची घोषणा केली ती मुक्ततेसाठी. प्रणाली हवी तशी वापरावी, तिची रचना उघडून पाहावी व बदलावी, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी, आणि आपण केलेली सुधारणाही वाटावी, असे हे चार हक्क. आपल्या आज्या-पणज्यांना हे नवे वाटले नसते. जात्यावरची ओवी कोणाच्या मालकीची होती? जी दळावयास बसे ती गाई, आणि आपले सुखदुःख तीत घालून पुढे देई. उलट एकनाथांनी शुद्ध प्रत केल्यावर बजावले की ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घुसडू नये. दोन्ही गोष्टी आपल्याच. साधन ओवीसारखे मोकळे असावे, आणि लिहिलेला मजकूर ज्ञानेश्वरीसारखा जपावा, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. पुढील सूचना त्याच्याच पोटातल्या आहेत.

पहिली सूचना : जे लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी घेतली की विंडोजची कळ आणि मोठी आडवी कळ एकत्र दाबून इंग्रजीतून मराठीत जाता येते. ‘इनस्क्रिप्ट’ हा सरकारमान्य कळफलक शिकावयास आठ दिवस पुरतात, कारण त्याची मांडणी आपल्या वर्णमालेसारखी आहे. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. ‘डी’ने अक्षराचा पाय मोडतो. हीच मांडणी गुजराती, कन्नड आदी भारतीय लिप्यांनाही आहे. ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये उच्चारानुसारी कळफलकही आहे. आणि ज्यांची बोटे आखडतात त्या वडीलधाऱ्यांनी फोनच्या कळफलकावरील ध्वनिग्राहकाची खूण दाबून सरळ मराठीत बोलावे. मजकूर आपोआप उमटतो. तो एकदा वाचून मात्र घ्यावा. माझ्या ‘सविनय’चे त्याने ‘सवी नये’ केले होते.

दुसरी सूचना खास मराठीची आहे. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यांत पानभर अंतर आहे. पहिल्यात विद्वान आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. रफार काढावयाचा तर साधा ‘र’, त्याचा पाय मोडून ‘य’. ‘वाऱ्यावर’ किंवा ‘तऱ्हा’ लिहावयाचे तर शिफ्ट धरून ‘जे’ दाबावा, म्हणजे टिंबाचा ‘ऱ’ येतो. त्याचा पाय मोडून पुढचे अक्षर घ्यावे. नानांच्या फाइलमध्ये परिवर्तकाने नेमकी येथेच ठेच खाल्ली. शाळेच्या समारंभास आलेल्या सर्व आचार्यांना त्याने एका फटक्यात स्वयंपाकघरात पाठविले.

तिसरी सूचना शोधण्याविषयी. कंट्रोल आणि एफ दाबले की हवा तो शब्द शोधता येतो. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एच दाबले की एक शब्द काढून त्याच्या जागी दुसरा घालता येतो. परंतु ‘सर्व बदला’ या कळीपासून सावध असावे. कन्येने उत्साहाने सगळीकडे अहमदनगरचे अहिल्यानगर केले. मग वाचले तो काय! मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्यानगर वसविले, १९४२ साली नेहरू आदी पुढाऱ्यांना अहिल्यानगरच्या किल्ल्यात कोंडले, आणि १९४७ साली निघालेल्या अहमदनगर कॉलेजचेही नाव आम्ही घरबसल्या बदलून टाकले. ज्या अहिल्याबाईंचा जन्म आमच्याच जिल्ह्यातील चोंडीला १७२५ साली झाला, त्यांच्या जन्माआधी दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या नावाचे शहर उभे! अशा वेळी कंट्रोल आणि झेड दाबावे. झालेली चूक परत फिरते. आयुष्यात अशी एखादी कळ २००१ च्या दिवाळीत मला मिळाली असती तर!

चौथी सूचना लहानसहान कळींची. विंडोजची कळ आणि व्ही एकत्र दाबले की यापूर्वी नकललेल्या मजकुरांची यादी पुढे येते. पहिल्या खेपेस ती सोय सुरू करण्याची परवानगी तेवढी द्यावी लागते. चुकून मिटलेले संकेतस्थळाचे पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत आणता येते. फाइलला ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘अगदी नवीन’ अशी नावे देण्यापेक्षा आधी साल, मग महिना, मग तारीख आणि मग विषय लिहावा. फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. सोसायटीचा हिशेब सांभाळणाऱ्या चिटणिसांनी लिबरऑफिसमधले ‘कॅल्क’ पाहावे. महिन्याची वर्गणी एकदा मांडली की बेरीज आपण करावयाची नाही, आणि एक आकडा बदलला की खालची सारी बेरीज आपोआप बदलते.

पाचवी सूचना जुन्या छापील कागदांची. आजोबांचा मासिकातला लेख, जुनी निमंत्रणपत्रिका, एखादी स्मरणिका घरात असेल तर तिचे स्वच्छ छायाचित्र घ्या. ‘टेसेरॅक्ट’ नावाची मुक्त प्रणाली छापील मराठी वाचून तिचा युनिकोड मजकूर करून देते. मूळ ती एका मोठ्या कंपनीने घडविली आणि २००५ साली सर्वांसाठी खुली केली. हस्ताक्षर मात्र तिला नीट लागत नाही. तिथे आपली बोटेच चालवावी लागतात. शब्द अडला तर मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. १८५७ सालची ती आवृत्ती विकत घ्यावयाची तर माझा एक पगार गेला असता. छापण्यासाठी नीटस टंक हवा असेल तर राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींचा ‘मुक्ता’ हे युनिकोडचे टंक पैसे न देता मिळतात.

सहावी सूचना जुन्या कॉम्प्युटरची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ घरांतली यंत्रे पुढच्या आवृत्तीला चालत नाहीत, म्हणून ती भंगारात निघाली आहेत. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ‘लिनक्स मिंट’ घालून पाहावे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या कामावर ती प्रणाली उभी आहे. चार जीबी स्मृतीचे जुने यंत्रही तिच्यावर पत्रे लिहिण्याइतके, हिशेब ठेवण्याइतके आणि मुलांच्या अभ्यासाइतके सुखाने चालते. एस. टी.त बिनतिकीट बसावयास ज्यांना लाज वाटते अशी आपण माणसे. पण गल्लीतल्या दुकानदाराने चोरटी प्रत घालून दिली तर ‘सगळेच वापरतात’ म्हणून गप्प बसतो. मुक्त प्रणाली घेतली की हा चोरटेपणा करण्याचे कारणच उरत नाही.

सातवी सूचना जपून राहण्याची. प्रणाली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी. ‘फुकट’ म्हणून कोठूनही काहीही घेऊ नये. आणि आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, घराचा दस्त यांच्या प्रती जोडण्यासाठी किंवा लहान करण्यासाठी अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. लिबरऑफिस तुमच्या लेखाची पीडीएफ घरातल्या घरात, इंटरनेटवाचून करून देते. पाने जोडण्या-तोडण्यासाठी ‘पीडीएफसॅम’ आहे. आम्हीही नानांच्या फाइलसाठी जो परिवर्तक वापरला तो कॉम्प्युटरवर उतरवून, इंटरनेट बंद करून वापरला. घरच्या गोष्टी घरातच असाव्यात.

शेवटची सूचना मी सर्वांत महाग शिकलो. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी असावी. आमची तिसरी प्रत पुण्याला ताईकडे आहे. दर दिवाळीला पणत्या काढताना त्या तिन्ही प्रती एकदा उघडून पाहावयाच्या, असे आम्ही ठरविले आहे. नुसते जपून ठेवल्याने मजकूर टिकत नाही. तो अधूनमधून उघडावा लागतो. आणि फाइल अशा स्वरूपात ठेवावी की जी उघडण्यासाठी कोणा एकाच दुकानाच्या कुलपावर अवलंबून राहावे लागणार नाही.

एकशे बारा पाने दुरुस्त करावयास आम्हांला तीन आठवडे लागले. मी वाचून दाखवी आणि कन्या दुरुस्त करी. आजोबा तिने पाहिलेले नव्हते. त्या तीन आठवड्यांत तिची त्यांची ओळख झाली. मग एका रविवारी दुपारी आईला पुढे बसवून मी वाचावयास सुरुवात केली. शहाण्णवाव्या पानावर तिचे नाव आले. नानांनी लिहिले होते :

“१९७२ च्या दुष्काळात खडीच्या कामावर बायकांना हजेरीपटावर अंगठा उठवावा लागे. आपले किती दिवस भरले, किती मांडले, हे त्यांना कळत नसे. सौ. दुपारी भाकरीच्या सुटीत तिथे जाई आणि सपाट दगडावर कोळशाने एकेकीचे नाव लिहून गिरवून घेई. चार महिन्यांत सतरा बायका सही करू लागल्या. मी पगार घेऊन शिकविले. हिने फुकट शिकविले. हे मी तिला कधी बोललो नाही.”

मी थांबलो. आई खिडकीबाहेर पाहत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सतरा नाही, एकोणीस. दोघी पावसाआधी माहेरी गेल्या. पण सही येत होती त्यांना. दुरुस्त कर.”

मी पेचात पडलो. नानांच्या मजकुराला हात लावावयाचा नाही हे तर मी स्वतःच ठरविले होते. शेवटी कन्येने तोड काढली. सतरा हा आकडा जागीच ठेवला आणि पानाच्या तळाशी टीप घातली : ‘एकोणीस. इतर दोघी माहेरी गेल्या होत्या.’ खाली आईचे नाव घातले. ते टंकित नाव पाहून आईने लेखणी मागितली आणि छापून काढलेल्या त्या पानावर, टिपेच्या शेजारी, थरथरत्या हाताने स्वतःची सही केली.

पान माझ्या हाती देत ती म्हणाली, “कॉम्प्युटरात ठेवायचं ते ठेवा. पण हा कागद रद्दीत घालू नकोस.”